पेंडसे साहेबांचा पिवळा ठिपका

पेंडसे साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मला तो ऐकूच आला नाही. त्या सकाळी मी कारखान्यात चाचणी विभागात उभा होतो. समोर एक मोठी मोटर पूर्ण वेगात फिरत होती, माझ्या कानांवर इअरमफ होते आणि खिशातला फोन नुसताच थरथरत राहिला असणार. मोटर थांबली, इअरमफ गळ्यात उतरवले, तेव्हा पेंडसेकाकूंचे लागोपाठ येऊन गेलेले फोन दिसले. मी उलट फोन लावला. काकू अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "सुधाकर, हे गेले रे. सकाळी छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली, पण हॉस्पिटलपर्यंतसुद्धा..." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मशीनवर होतास का? कान झाकलेले असतील. असू दे. त्यांनीच लावलेली सवय आहे." आता काही आठवडे उलटून गेले आहेत, तरी मशीनसमोर कान झाकताना रोज ते वाक्य आठवतं.

साहेब माझे कोणी नातेवाईक नव्हते. मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा. वडील संत्र्यांच्या वखारीत पेट्या ठोकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हिंदी शाळेत शिकलो, घरी मराठी बोललो, आणि भोपाळच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा दोन्ही भाषा माझ्या तोंडात एकमेकींत मिसळलेल्या होत्या. पेंडसे साहेब पुण्याचे, चाचणी विभागाचे प्रमुख, शुद्ध बोलणारे आणि कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात मीटर दिला आणि समोरच्या मोटरकडे बोट केलं. मी लगेच तारा जोडायला वाकलो. "थांबा," ते म्हणाले. "हा मीटर बरोबर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच तर दिलात." विभागातले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला खोलीच्या कोपऱ्यातल्या प्रमाण मीटरजवळ नेलं आणि दोन्हींचे आकडे जुळवून दाखवले. "मशीनला नावं ठेवण्याआधी मीटर तपासायचा. मीटर माझ्याकडून आला असला तरी." ही आमच्या विभागाची पहिली रीत. दुसरी रीत ठिपक्याची. एखादा नट नेमका पाहिजे तेवढा आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की त्या नटाला कोणी हात लावायचा नाही. लावायची वेळ आलीच, तर ज्याने ठिपका दिला त्याला विचारायचं.

साहेबांच्या घरी पहिल्यांदा गेलो ते बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. रविवारची सकाळ होती, आणि त्यांनी बोलावलं होतं ते 'गाणं ऐकायला'. मला वाटलं, कोणी गाणारं येणार आहे. बैठकीत जाऊन पाहतो तर एक रेकॉर्ड प्लेयर, दोन उंच लाकडी स्पीकर आणि मधोमध साहेबांनी तरुणपणी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर. पुढची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यावर आवाजाचं एकच मोठं काळं बटण. काकूंनी पोहे दिले आणि त्याही पदर सावरून खुर्चीत बसल्या. मग कोणी बोलेना. आमच्याकडे गाणं म्हणजे लग्नाच्या मंडपावरचा भोंगा, किंवा गणपतीतला. गाणं लागलं की माणसं जास्त जोरात बोलतात, एवढंच मला माहीत होतं. इथे दोन मोठी माणसं हातातली कामं टाकून, नुसती ऐकत, समोर बघत बसली होती... मला चमचा वाजवायचीसुद्धा भीती वाटली. रेकॉर्ड एका गायिकेच्या यमनची होती. गाणं सुरू होण्याआधी तानपुरा वाजत होता. साहेबांनी बोट वर केलं. "ती बारीक झणझण ऐकू येते? तारेखाली रेशमाचा दोरा सरकवून ती आणतात. तिला जवारी म्हणतात. ती ऐकू आली की समजायचं, यंत्र नीट आहे." मला ऐकू आली. एखाद्या भांड्याच्या काठावरून ऊन सरकावं तशी ती सगळ्या आवाजावरून सरकत होती. त्यानंतरचे माझे कित्येक रविवार त्या बैठकीत गेले. माझं लग्न ठरलं ते तिथे बसूनच सांगितलं, वडील गेले तेव्हा परत आल्यावर आधी तिथेच जाऊन बसलो. साहेबांनी काही विचारलं नाही, रेकॉर्ड लावली.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून ते इंद्रपुरीत स्वतःच्या घरात राहायला गेले. अ‍ॅम्प्लिफायर सामानाच्या ट्रकमध्ये चढवला नाही. काकूंनी रिक्षात मांडीवर घेऊन नेला. "मला एवढं जपलं असतं तर मी अजून वीस वर्षांची दिसले असते," असं त्या वाटेत म्हणाल्याचं साहेबच सांगायचे. नव्या घरात सगळं जागच्या जागी लागलं, पण काही वर्षांनी साहेबांची एक तक्रार सुरू झाली. मला ते आडनावानेच हाक मारायचे. "गायधने, जवारी येत नाही हो." आधी त्यांना नव्या खोलीचा दोष वाटला. त्यांनी स्पीकर हलवले, पडदे बदलले. मग अ‍ॅम्प्लिफायर उघडला, जुने कपॅसिटर काढून नवे टाकले. रेकॉर्ड प्लेयरची सुई बदलली. घरातल्या विजेचा दाब दिवसातून वेगवेगळ्या वेळी मोजला. मीटरवर सगळं ठीक दिसायचं आणि रविवारी साहेब पुन्हा बटण थोडं आणखी फिरवायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "दबलंय. कुठेतरी दबलंय." शेवटी प्रश्न एकच उरला. एवढी वर्षं वापरलेला अ‍ॅम्प्लिफायर बदलावा का? नव्याने खरंच फरक पडेल, की नवं म्हणून उगीच बरं वाटेल? या एका प्रश्नावर त्या घरात वर्षभर चर्चा चालली. काकू वैतागून म्हणाल्या, "मुलीच्या लग्नाला एवढा विचार केला नव्हता." साहेब म्हणाले, "तिथे जावई ऐकून बघायची सोय नव्हती."

मला साहेबांसाठी काहीतरी करायचं होतं. मी न्यू मार्केटमधल्या एका ओळखीच्या दुकानदाराला गळ घातली आणि एक चांगला नवा अ‍ॅम्प्लिफायर थोड्या दिवसांसाठी त्यांच्या घरी आणून ठेवला. मला वाटलं, साहेब जोडतील, ऐकतील, खूश होतील. पण ते चाचणी विभागातले. "असं नाही चालणार. नवा दिसला की कान लाच खातात." त्यांनी लाकडाच्या फळीवर एक स्विच बसवला. तो इकडे केला की जुना वाजेल, तिकडे केला की नवा. दोन्हींचा आवाज मीटर लावून अगदी सारखा केला, कारण जो किंचितही मोठा असेल तोच माणसाला चांगला वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मग दोन्हींवर काकूंची फुलाफुलांची चादर पसरली. मी स्विचपाशी उभा. साहेब आणि काकू समोरच्या खुर्च्यांत. "डोळे मिटायचे," साहेबांनी काकूंना बजावलं. "जवारी ऐकू आली की हात वर. थांबली की खाली. मध्ये बोलायचं नाही."

"शाळेत बसल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या.

"शाळेतही बोलायची नाहीस ना?"

"तुमच्यासारखे मास्तर नव्हते तिथे."

मी त्याच यमनच्या रेकॉर्डवर सुई ठेवली. तानपुरा सुरू झाला, आणि काकूंचा हात लगेच वर गेला. तेव्हा जुना वाजत होता. मी स्विच फिरवला. हात वरच. परत फिरवला. हात वरच. त्यांच्या हातातली बांगडी कोपराकडे घसरली, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मलाही जवारी अगदी स्वच्छ ऐकू येत होती, जुन्यातून आणि नव्यातूनही. साहेबांचे दोन्ही हात मांडीवर होते. डोळे घट्ट मिटलेले, मान तिरकी, कपाळावर आठी. परीक्षेत पेपर अवघड गेलेल्या मुलासारखे ते वाट बघत होते... मी स्विच फिरवत राहिलो, कारण थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं. गायिकेचा पहिला सूर लागला तेव्हा साहेबांनी डोळे उघडले. "गायधने, दोन्ही दबलेले आहेत," असं म्हणता म्हणता त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू डोळे मिटून, हात वर करून बसल्या होत्या.

"कधीपासून वर आहे?" त्यांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. त्यांना काही कळलं नव्हतं. "सुरुवातीपासून. का? चुकलं का माझं?"

साहेबांनी चादरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीटर तपासायचा राहिला."

सुई बदलली, खोली बदलली, वीज मोजली, आणि ज्याने हे सगळं मोजलं तो कान तेवढा कोणी तपासला नाही. मशीनचा बिघाड ऐकून ओळखण्याबद्दल ते नावाजलेले होते. आम्ही सगळे कान झाकायचो, ते झाकायचे नाहीत. सांगितलं तर म्हणायचे, "मला ऐकू यायला हवं." बेअरिंगवर लांब पेचकसाचं टोक टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि मशीनच्या पोटात काय चाललंय ते सांगायचं, ही त्यांची खासियत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते बोलण्यासाठी बरं होतं, पण गाणं लागलं की शिट्टी मारायचं, म्हणून रविवारी ते खिशात जायचं. नवा अ‍ॅम्प्लिफायर मी दुकानात परत नेऊन दिला. दुकानदाराने विचारलं, "क्यों, पसंद नहीं आया साहब को?" मी म्हटलं, "अच्छा है. जरूरत नहीं थी." त्यानंतर बरेच लोक मला विचारतात, अ‍ॅम्प्लिफायर बदलण्यात अर्थ आहे का. मी त्यांना साहेबांची चादरीची परीक्षा सांगतो. पुढचं सांगत नाही.

पुढचं असं की त्याच दिवशी आणखी एक गोष्ट बाहेर आली. साहेब बटण वाढवत गेले होते, आणि तो आवाज काकूंना सोसत नव्हता. कित्येक रविवार त्या 'कुकर लावते' म्हणून उठायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून डोकं धरून बसायच्या. "अगं, सांगायचंस ना," साहेब म्हणाले. काकू म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला आता असंच आवडतं." साहेब उठले. त्यांनी काकूंना अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभं केलं आणि म्हणाले, "तुला बरं वाटेल एवढा लाव." काकूंनी बटण मागे आणलं, आणखी मागे आणलं. जिथे थांबल्या तिथे साहेबांनी बटणाच्या कडेवर आणि त्यामागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर एका रेषेत पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. कारखान्यातली त्या रंगाची छोटी डबी त्यांच्याकडे अजून होती. त्यानंतर त्या घरात आवाज ठिपक्याच्या पुढे कधी गेला नाही. एकदा मीच हात पुढे केला, "साहेब, तुमच्यासाठी थोडा वाढवू?" तर माझ्या मनगटावर चापट बसली. "ठिपका दिसत नाही?"

म्हणजे शेवटची काही वर्षं साहेब जे ऐकत बसायचे, त्यातलं बरंचसं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. तरी रविवार चुकला नाही. रेकॉर्ड लागली की ते विचारायचे, "येतेय?" काकू म्हणायच्या, "येतेय." मग ते समाधानाने मान हलवायचे आणि समोर बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही. एका रविवारी मी आत शिरलो तेव्हा त्यांनी तो जुना पेचकस शोधून काढला होता. टोक स्पीकरच्या लाकडावर, मूठ कानामागे, आणि काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आली का साहेब जवारी?" मी विचारलं. त्यांनी पेचकस खाली घेतला. "नाही. पण मशीन उत्तम आहे." त्या दिवशी निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि नेहमीचंच विचारलं, "कान झाकता ना?" मी हो म्हटलं. "शपथ?" असं त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर एका रविवारी मी इंद्रपुरीला गेलो. काकूंनी पोहे केले होते. मुलगी पुण्याला परत गेली होती. बैठकीत साहेबांची खुर्ची होती तिथेच होती, तिच्यावर कोणी काही ठेवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "सुधाकर, यमनची लाव. मला सुई नीट ठेवता येत नाही." मी रेकॉर्ड लावली आणि बटण सवयीने ठिपक्यापर्यंत आणून थांबलो. तानपुरा वाजू लागला. जवारी येत होती. त्यापुढे विचारणारं कोणी नव्हतं. 'येतेय?' या प्रश्नाची जागा तशीच रिकामी गेली आणि गाणं सुरू झालं.

काकू थोडा वेळ ऐकत बसल्या. मग उठल्या, अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेल्या आणि त्यांनी बटणावर हात ठेवला. मला वाटलं, बंद करणार. त्यांनी बटण ठिपक्याच्या पुढे फिरवलं. आणखी पुढे. पूर्वी साहेब न्यायचे तिथपर्यंत. खिडकीची काच थरथरायला लागली, आणि बटणावरचा पिवळा ठिपका फिरून खालच्या बाजूला गेला.

"काकू, फार मोठा झालाय," मी जवळजवळ ओरडून म्हटलं. "तुमचं डोकं दुखेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. "दुखू दे," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं त्या आवाजात बसून राहिलो.