वैशाखातल्या मटाराची टरफलं

वैशाखात मटार! आज यात कुणालाच काही विशेष वाटणार नाही. पण नव्वदीच्या अखेरीस, आमच्या नाशिक रोडच्या घरात, मटार पाहुण्यासारखा होता. दिवाळीनंतर यायचा, उन्हं तापली की जायचा आणि एकदा गेला की त्याचं नावही काढायचं नाही. सासूबाईंचं ब्रीदच होतं, "नाशकात राहून शिळी भाजी खायची? त्यापेक्षा नुसतं मीठभाकर खावं!" भाजी पहाटे तोडलेली हवी आणि दुपारी ताटात हवी.

मी लग्न होऊन आले त्याला चारच महिने झाले होते. मनमाडहून सासूबाईंची धाकटी बहीण जेवायला येणार होती. ही मावशी लग्नाच्या मांडवातच म्हणाली होती, "नोकरीवाली सून म्हणजे रोज हॉटेलचा डबा!" आता ती माझ्या हातचं जेवणार होती. आणि मला झकास येणारा पदार्थ एकच, मटारची उसळ. बाकीचे पदार्थ माझ्या हातून होत नसत, घडत असत.

तर अशा संकटात, आदल्या दिवशी कॉलेज रोडच्या एका दुकानात, आइस्क्रीमच्या पेटीत मला हिरव्या पिशव्या दिसल्या. मी काचेला नाक लावलं.

"हे खरंच मटार आहेत?"

"ताई, कडक झालेत," दुकानदार म्हणाला, "पण आहेत मटारच."

पिशवी तीन वर्तमानपत्रांत गुंडाळली, वरून माझी ओढणी गुंडाळली, स्कूटीच्या पायाशी ठेवली आणि सुटले! भर दुपार, नाशिक रोड लांब, आणि द्वारकेला सिग्नल लाल. पोलीस जवळ आला. "मॅडम, गाडी गळतेय."

"गाडी नाही हो, मटार गळतोय!"

त्यानं सगळी वाहतूक थांबवून मला वाट करून दिली, असं मी इतकी वर्षं सांगत आलेय. खरं म्हणजे सिग्नल हिरवा झाला होता.

घरी एकदारी फ्रिज. वरच्या कप्प्यात बर्फाची एक गुहाच झालेली, आणि तिच्या तोंडाशी सासूबाईंचा खवलेल्या नारळाचा डबा. त्याच्यामागे मी पिशवी दडवली. सकाळी त्या देवळात गेल्या तेव्हा ओढून पाहते तर ती बर्फाला चिकटलेली! उलथन्यानं खणून काढली. पिशवी कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी पुरली आणि वर कांद्याची सालं पसरली. पुरावा नष्ट. उसळीला काय रंग आला म्हणून सांगू!

मावशीनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटी पुढे केली, "अजून वाढ गं." मी मनातल्या मनात फुगडी घातली.

"एवढा कोवळा मटार, वैशाखात? कुठून आणलास?"

"गिरणाऱ्याकडचा एक शेतकरी येतो," मी बेधडक ठोकून दिलं.

"असं?" मावशीनं ओट्याखालच्या टोपलीकडे पाहिलं. "आणि टरफलं कुठायत?"

माझ्या पायांखालची फरशी सरकली. आमच्याकडे मटार सोलला की टरफलं त्या टोपलीत जायची आणि टोपली देवळाजवळच्या गाईकडे. दोन्ही बहिणी लहानपणापासून हेच करत आलेल्या. एवढ्या उसळीची टरफलं टोपलीभर व्हायला हवीत, आणि टोपली कोरडी ठाक! पिशवी लपवता येते हो, पण नसलेली टरफलं दाखवायची कशी?

"सकाळीच घातली गाईला," सासूबाई भात कालवत म्हणाल्या. "देवळात जाताना नेली होती."

"सगळी?"

"सगळी. टोपलीतून तोंडच काढेना बया!"

नुकत्याच देवदर्शन करून आलेल्या त्या बाईकडे मी बघतच राहिले. मावशीनं तिसरी वाटी खाल्ली. जाताना मला म्हणाली, "हात बरा आहे तुझा."

ती रिक्षात बसताच मी स्वयंपाकघर गाठलं. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"काल खोबरं काढायला हात घातला, तर मागे हे तुझं हिरवं प्रकरण."

"पण तुम्ही तर शिळं म्हणता..."

"माझं खोबरं दोन-दोन महिने असतं तिथे. ते काय शिळं असतं? ते ठेवणीतलं." त्यांनी उसळीच्या पातेल्यातून बोट फिरवलं आणि चाटलं. "पुढच्या वेळी दोन पिशव्या आण. आणि आत्ता मेथीची जुडी घेऊन ये. गाईच्या नावावर खोटं बोललेय मी."

संध्याकाळी आम्ही दोघी देवळाजवळ गेलो. मी दोन जुड्या घेतल्या होत्या, एक त्यांच्या खोट्याची, एक माझ्या. गाईनं दोन्ही मटकावल्या. मेथी मात्र त्याच दिवशी पहाटे तोडलेली होती. सासूबाईंनी भाजीवाल्याला तीनदा विचारून खात्री करून घेतली होती.