मशीनमावशीची गोळी

आमच्या चिखलीच्या गल्लीतली मशीनमावशी औषधाच्या खोक्यातला कागद माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय एकही गोळी गिळत नसे. डॉक्टर घाईत सांगतात, कागदावरचं खरं, असं तिचं मत. मुलांनो, तुमची झबली तिनंच शिवली, पायानं चालवायच्या मशीनवर. मोटर लावून घे म्हटलं की म्हणायची, "मोटर तिच्या मनानं पयते, मॅडम. पाय माह्या मनानं थांबते."

पुढे पायच ऐकेनात. दोन्ही गुडघे झिजले, आणि नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या पोटाला सोसेनात. मुलगा पुण्याला चल म्हणून मागे लागला. "मशीन चालून राह्यली तोवर मी चिखली सोडत नाही," असं तिनं त्याला बजावलं होतं.

मी तुमच्याकडे आले होते, त्या महिन्यात डॉक्टरांनी तिला वेगळी गोळी दिली. वाचायला मी नव्हते आणि दुखणं थांबेना, म्हणून तिनं तशीच सुरू केली. परतले तेव्हा ती एका बैठकीत दोन ब्लाउज शिवत होती. कागद मात्र जपून ठेवलेला. माझ्या सवयीनं मी पहिल्या ओळीपासून वाचलं, "नैराश्याच्या आजारासाठी."

"म्हंजे डोक्याची?"

"मनाची," मी दुरुस्ती केली. दुरुस्ती करायची काय गरज होती, देव जाणे.

"काऊन देली मले? मी येडी दिसतो काय?" तिनं कागद माझ्या हातातून घेतला, आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. खाली चौथ्या ओळीत सांध्यांच्या जुन्या दुखण्याचाही उल्लेख होता. उतारा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं मी आयुष्यभर वर्गात सांगत आले.

डॉक्टरांना विचारून मी तिच्या दारात चार वेळा गेले. मनाच्या आजाराचं औषध दुखण्याची जाणीवही कमी करतं, म्हणून गुडघ्यांसाठी देतात, हे परोपरीनं सांगितलं. हातातलं काम खाली न ठेवता ती म्हणाली, "कागद तुम्हीच वाचला न जी. आता डॉक्टरच्या बाजूनं बोलून राह्यल्या." मला संताप आला, तिचा, आणि तिच्याहून जास्त माझा.

चार महिन्यांत तिला उंबरा ओलांडवेना. मुलानं मशीन विकलं आणि तिला घेऊन गेला.

पुण्यात सुनेनं तीच गोळी पुन्हा सुरू केली. कागद काढला नाही, वाचला नाही. जेवण झालं की हातावर ठेवते.

परवा मावशीचा फोन आला. "पाय लय चांगले झाले, मॅडम. जिना चढतो मी." मग म्हणाली, "आता सांगा, ह्या पायानं काय चालवू?"