सावित्रीबाईच्या मनगटावरचं घड्याळ

मी जन्मभर पोती वाहिली आणि संतपूरच्या अंकुशरावांकडे सालगडी राहिलो. आता पाठ गेली म्हणून घरी आहे. कोण काम करतं आणि कोण केल्यासारखं दाखवतं, एवढं मला कळतं. त्या अंगणात खरं काम करणारी एकच बाई मी बघितली. सावित्रीबाई.

ती शेजारच्या चिंताकी गावची. नवरा भीमराज विहिरी खोदायचा. एका विहिरीची दरड कोसळली, तो वर आला नाही. मुलगी प्रियंका तेव्हा कडेवर होती. सावित्रीबाई अंकुशरावांकडे कामाला लागली ती लागलीच. शेण काढणं, अंगण झाडणं, सोयाबीन निवडणं, तूर पाखडणं. तिच्या सुपातून दाणा बाहेर जात नसे आणि हात फुकट हलत नसे. पुढे प्रियंका बिदरला नर्स झाली. आईला म्हणाली, घरी बस. ती बसली नाही.

तिच्या हातून त्या घरातली एकही वस्तू फुटली नाही की हरवली नाही. हे ती स्वतः सांगायची, आणि सांगताना ताठ व्हायची. तिला दुसरा मान तिथे नव्हता. मी दुसऱ्या जातीचा, मला पाणी घरातल्या तांब्यातून मिळे. तिचा पेला बाहेरच्या कोनाड्यात वेगळा. जयंतीच्या कार्यक्रमात अंकुशराव पुढच्या खुर्चीत बसत आणि समतेवर बोलत. पेला कोनाड्यातच राही.

अंकुशरावांचा मुलगा राम हैदराबादेत इमारती बांधतो. वडिलांच्या पंच्याहत्तरीला त्याने परदेशी घड्याळ आणलं. तेवढ्या पैशात दोन ट्रॅक्टर आले असते, असं तोच म्हणाला. ओट्यावर बसून त्याने सगळ्यांना समजावलं. यात सेल नाही. महिना तीसचा की एकतीसचा, हे याला कळतं. लीप वर्षाचा फेब्रुवारीसुद्धा कळतो. इसवी सन एकवीसशेपर्यंत तारखेला हात लावायचं काम नाही.

"तवर कोण ऱ्हायलंय?" अंकुशराव म्हणाले. सगळे हसले.

दोन अटी होत्या. घड्याळाला पाणी लागू द्यायचं नाही आणि ते थांबू द्यायचं नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि आपोआप चावी दिली जाते. थांबलं तर तारीख, महिना, तबकडीवरचा चंद्र सगळं पुन्हा लावून घ्यायला हैदराबादेला न्यावं लागतं.

अंकुशरावांचे गुडघे गेलेले. त्यांचा हात चहाच्या कपाला आणि माश्या हाकायला तेवढा उठे. चार दिवसांत घड्याळ थांबलं. राम ते लावून घेऊन परत आला तेव्हा सावित्रीबाई अंगणात तूर पाखडत होती. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि हसत म्हणाला, हिचा हात काही थांबत न्हाई, हिलाच बांधा.

तेव्हापासून सकाळी घड्याळ तिच्या मनगटावर आणि संध्याकाळी मालकांच्या. ती त्यावर फडकं गुंडाळायची. भांडी घासायच्या आधी काढून उंच फळीवर ठेवायची आणि हात कोरडे करून मगच परत बांधायची. हे मी रोज बघितलं. घड्याळ एकदाही थांबलं नाही. ओट्यावर येणाऱ्या पाहुण्यांना अंकुशराव ते दाखवायचे, आणि पाहुणे त्यांचीच वाहवा करायचे.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट व्हायची. सावित्रीबाईने घड्याळ ओट्यावर ठेवायचं. हातात द्यायचं नाही. मग रामची आई सुमनबाई तांब्यात तुळशीचं पान बुडवून त्यावर पाणी शिंपडायच्या, पदराने पुसायच्या आणि आत न्यायच्या. रोज. सावित्रीबाई समोर उभी असे. पाणी लावू नका ही ताकीद फक्त सावित्रीबाईसाठी आहे, असं सुमनबाईंनी धरलं होतं.

दिवाळीनंतर काचेखाली वाफ दिसायला लागली. मग घड्याळ बंद पडलं. हैदराबादच्या दुकानदाराने उघडून सांगितलं, पाणी गेलंय. तारीख लावायला बाजूला बारीक खटके असतात, तिथून रोज थोडं थोडं गेलंय. आत गंज चढलाय.

राम आला आणि सरळ अंगणात गेला. सावित्रीबाई सूप घेऊन बसली होती.

"आक्का, भांडी घासताना काढत न्हवतीस व्हय?"

"म्या पानी लागू दिलं न्हाई, मालक."

"मग आभाळातून आलं का?"

मग मी बोललो. ओट्यावर रोज संध्याकाळी काय होतं ते सगळं सांगितलं. सुमनबाई दारात आल्या. त्यांनी नाकारलं नाही. उलट मलाच विचारलं, "मग तसंच आत घ्यायचं का? देवघर हाय घरात."

राम आपल्या चपलांकडे बघत राहिला. अंकुशरावांनी खाकरून मला बैलांना पाणी दाखवून यायला सांगितलं. बैल विकून दोन उन्हाळे झाले होते. मी जागेवरून हललो नाही.

सावित्रीबाई सूप खाली ठेवून उठली. "मालक, एवढंच म्हना. सावित्रीच्या हातून झालं न्हाई."

राम म्हणाला, झालं ते झालं. आता लाईटवरचा डबा आणतो, तो घड्याळ आपोआप फिरवत राहतो, म्हणजे तुलाही तरास नाही. असला डबा त्याच दुकानात पहिल्यापासून होता, हेही तोच बोलून गेला.

ती तशीच उभी राहिली. रामने फोन काढला आणि कानाला लावून घरात गेला.

सुपात निम्मी तूर पाखडायची होती, ती तशीच ठेवून सावित्रीबाई निघून गेली. तिने काम अर्धं टाकलेलं मी त्या एकाच दिवशी बघितलं. सुमनबाईंनी मला ते उरकायला सांगितलं. मी उरकलं नाही.

घड्याळ दुरुस्त होऊन आलं, डबाही आला. त्यात घड्याळ फिरतं, लाईट गेली की थांबतं. तारीख चुकते, आणि कुणी बघतही नाही. गावात मात्र बोललं जातं की सावित्रीबाईने मालकांचं घड्याळ भिजवलं.

आता ती बिदरला प्रियंकाजवळ असते. गावात आली की माझ्या दारात थांबते. पाठीचं विचारते, पावसाचं विचारते. जाता जाता विचारते, "अण्णा, राम काय म्हनला का?"

"न्हाई."

ती मान हलवते आणि जाते.