शिरूरच्या बाभळीवर नसलेला कोळी

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत वांगी निवडत होतो. फोन त्यांच्या लेकीचा, सुमनचा. "काका, सकाळी अप्पा गेले..." एवढंच म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. हातात वांगं घेऊन तसाच चालत रस्त्यापर्यंत आलो, तेव्हा बागवान मागून ओरडला, "ओ कंडक्टर साहेब, वांगं!" परत जाऊन ते ठेवलं आणि मिळेल त्या गाडीनं नेकनूर गाठलं. गाडीत बसायला जागा होती, पण मी दाराशी उभाच राहिलो. एस.टी.त सगळी नोकरी कंडक्टर म्हणून उभ्यानंच केली आणि अप्पांशी जे काही बोललो ते बहुतेक उभ्यानंच बोललो. माती झाली, माणसं पांगली. त्याला आता काही आठवडे झाले.

मन्मथअप्पा नेकनूरचे. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावाकडे सोडून ते दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दूध तपासायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण लोक त्यांना ओळखायचे ते कोळ्यांमुळं. जाळी विणणारे कोळी नव्हेत. भिंतीवर, गवतात, दाराच्या चौकटीवर टुणकन उडी मारून माशी धरतात ते. बीड जिल्ह्यात असे उडीमार कोळी किती तऱ्हेचे आहेत, कोणत्या घराण्यातले आहेत आणि कुठल्या गावी कोण नांदतो, याचा शोध घेण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. त्यांचं कौतुक बऱ्याच जणांनी केलं, छान केलं. मी लिहायला बसलोय ते दुसऱ्याच कारणानं. अप्पांच्या नावावर एक चूक छापलेली आहे. ती त्यांची नाही. ती माझी आहे, आणि ते असेपर्यंत हे चारचौघांत सांगायचा धीर मला झाला नाही.

आमची ओळखच मुळात कोळ्यानं करून दिली. मी तिकिटं फाडत त्यांच्या सीटपाशी आलो तर हा माणूस एकदम ओरडला, "हलू नका!" मी जागच्या जागी गार. "इच्चू हाय का?" म्हटलं. "न्हाई, न्हाई. लई गुणाचं हाय. तुमच्या कॉलरवर बसलंय." खिशातून दुधाच्या नमुन्याची चिमुकली बाटली काढली, माझ्या गळ्याशी लावली आणि अलगद काहीतरी आत घेतलं. सगळी गाडी माना वळवून बघतेय, ड्रायव्हर आरशातून बघतोय! मी भडकलो. "अहो, हे काय चाललंय?" तर त्यांनी बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. तांदळाच्या दाण्याएवढा तो प्राणी काचेवर चढला, वळला आणि पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांनी सरळ माझ्याकडं बघायला लागला. मी मान डावीकडे केली, तोही डावीकडे वळला. राग कुठल्या कुठं गेला बघा. "आठ डोळे असतात," अप्पा म्हणाले, "पण मान्सावानी बघायला ह्ये दोन." त्या दिवशी पुढच्या थांब्यावर उतरणाऱ्या दोघांची तिकिटं फाडायची राहून गेली.

मग मी त्यांचा पोस्टमनच झालो म्हणा ना. युसूफ वडगाव, शिरूर कासार, जिथं जिथं माझी ड्युटी तिथून बाटल्या यायच्या. जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेल्या स्पिरिटात ते कोळी ठेवायचे, आणि शाळेनं मोडीत काढलेल्या सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास बघत बसायचे. आधी डोळ्यांची मांडणी, मग पाय, मग नराच्या तोंडाशी असतात ते दोन आखूड अवयव. त्यांच्या आकारावरून कूळ ठरतं म्हणे. पाठीवरचा रंग बघून नाव देणाऱ्याला ते कच्चा समजत, कारण स्वतः एकदा त्यातच फसले होते. एक काळा-पांढरा आणि एक भुरका असे दोन कोळी दोन वेगळ्या जातीचे म्हणून त्यांनी वर्षभर वेगळ्या बाटल्यांत, वेगळ्या नावांनी ठेवले. पुढं भिंतीवर तसलीच एक जोडी लग्नाच्या नाचात रंगलेली दिसली तेव्हा कळलं की ते नवरा-बायको आहेत. "अप्पा, तुमी तर चांगल्या संसाराची फारकत केली की!" मी म्हटलं. पोट धरून हसले. महानंदावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझ्याबी साड्यांचा रंग त्यांना कदी कळला न्हाई."

भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या मागं काढलेला जिल्ह्याचा नकाशा होता. ज्या गावी जो कोळी मिळेल त्या गावावर त्याचा ठिपका. या ठिपक्यांच्या बाबतीत मात्र हा मऊ माणूस कडक व्हायचा. कुठं मिळाला, कशावर मिळाला, कुणी धरला, हे तीन सवाल विचारल्याशिवाय बाटली हातात घ्यायचे नाहीत. गाडीच्या टपावरचा, सीटवरचा, कुणाच्या गाठोड्यावरचा कोळी तर बघायचेसुद्धा नाहीत. "त्ये बिनपत्त्याचं पाकीट हाय, भागवत्या. कुठनं निघालं काय म्हाईत? झाडावरचा आन, गवतावरचा आन." माझ्या कॉलरवरच्या त्या पहिल्या पाहुण्यालाही त्यांनी नकाशावर जागा दिली नव्हती.

नंतर लागोपाठ दुष्काळाची वर्षं आली. केंद्रावर सकाळी कॅनची रांग लागायची, तिथं बोटावर मोजण्याइतके कॅन यायला लागले. जनावरं चाऱ्यासाठी छावण्यांत गेली आणि संघाच्या बैठकीत केंद्र बंद करायचं बोलणं सुरू झालं. बांधावर गवताची काडी उरली नव्हती, तिथं कोळी कुठं राहणार? अप्पा रिकाम्या टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे. सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलेलं. एकदा म्हणाले, "दूधबी आटलं अन् माजे कोळीबी आटले बघ." हसतच म्हणाले, पण ते हसणं मला बघवेना. त्यांच्यासाठी काहीतरी आणलंच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि एका सकाळी शिरूर कासारच्या स्टँडवर मला तो दिसला. समोरच छावणी होती. पश्चिमेकडच्या पाण्याच्या मुलखातून उसाचं वाढं भरून आलेला ट्रक रस्त्याकडेला उभा होता, त्या हिरव्या पाल्यावर. लांबुडका, पिवळसर, पाठीवर दोन काळ्या रेघा. असला कोळी मी कधी पाहिला नव्हता. पटकन बाटलीत घेतला. संध्याकाळी अप्पांनी फडकं काढलं, डोळा लावला आणि खुर्ची आणखी पुढं ओढली. "ह्ये आपल्याकडं न्हाई बे... ह्ये आपल्याकडं न्हाईच!" कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर रक्त दिसलं. मग मान वर न करताच विचारलं, "कशावर घावला?"

ट्रकवर, असं म्हणालो असतो तर त्यांनी बाटली बाजूला ठेवली असती. मी म्हणालो, "स्टँडमागच्या बाभळीवर." त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेरगावच्या एका जाणकारांकडे कोळी गेला. तिकडून उत्तर आलं की ही जात ओलसर मुलखातली, मराठवाड्यात पहिल्यांदाच मिळाली. एका नियतकालिकात चार ओळींचं टिपण आलं, खाली अप्पांचं नाव. त्या दिवशी वहिनींनी शिरा केला. मी दोन वाट्या खाल्ला, खोटं कशाला सांगू? तेव्हा मला वाटलं, कोळीच तर आहे, कुणाचं काय बिघडलं? पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती : त्याच ठिकाणाहून आणखी नमुने पाठवावेत.

तिथून पुढं तीन उन्हाळे अप्पा माझ्याच गाडीनं शिरूरला येत राहिले. बाभळीखाली छत्री उलटी धरायची आणि काठीनं फांद्या झोडपायच्या, म्हणजे फांदीवरचे किडे-कोळी छत्रीत पडतात. भर दुष्काळात उलटी छत्री! टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती जवळ गेली, छत्रीत वाकून बघितलं आणि हात जोडून म्हणाली, "कवा येतोय बाबा पाऊस?" अप्पांनी छत्री मिटली. म्हातारीला काहीतरी समजावून सांगितलं, पण त्या दिवशी पुन्हा काही ती उघडली नाही. मी गाडीच्या दारातून हे सगळं बघत होतो. माझ्या एका शब्दापायी हा माणूस उन्हात फांद्या झोडपत होता, आणि मी घंटी मारून गाडी सोडत होतो. लाज वाटायची, लई लाज वाटायची. पण जितकी वाटायची तितकं तोंड जास्तच गच्च मिटायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते बाभळीखाली घेरी येऊन खाली बसले. मी धावत गेलो, डोक्यावर पाणी ओतलं, माझ्या टोपीनं वारा घातला. डोळे उघडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "छत्रीत काय पडलं का?" मग मात्र मला राहवेना. तिथंच धुळीत बसून सांगून टाकलं. बाभळीवर नव्हता, अप्पा... ट्रकवर होता. मला वाटलं ओरडतील, विचारतील का म्हून असं केलंस. त्यांनी छत्री ओढून घेतली आणि मिटली. मग म्हणाले, "ट्रक कुठल्या बाजूनं आलता?" मी म्हटलं, पश्चिमेकडून. "वाढ्याचाच होता नव्हं?" मी मान हलवली. "म्हंजे कोळी खरा हाय," म्हणाले आणि स्टँडच्या भिंतीला धरून उठले.

पुढं महिनाभर ते माझ्या गाडीत बसले नाहीत. माझी गाडी आली की स्टँडवरच्या बाकावर बसून राहायचे आणि मागच्या गाडीनं जायचे. मला एवढी मोठी शिक्षा उभ्या आयुष्यात कुणी दिली नाही. मग एका सकाळी चढले, नेहमीच्या सीटवर बसले. तिकीट दिलं तेव्हा म्हणाले, "पत्र लिवलं त्यांना. ठिकाण चुकीचं हाय, नोंद रद्द करा म्हनून." मी विचारलं, "माझं नाव...?" "तू खोटं बोललास. पण सोता न बघता लिवलं कुनी? लिवनारा मी, चूक माजी." मी कितीदा तरी विनवलं, त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती आली : संकलकाकडून ठिकाणाची नोंद चुकली. खाली पुन्हा एकट्या अप्पांचं नाव.

त्यानंतर त्यांनी नकाशात आणखी एक रंग घेतला. लाल ठिपका गावात नांदणाऱ्या कोळ्याचा, निळा पाहुण्याचा. चाऱ्याच्या ट्रकवरून उतरलेले, ऊसतोडीहून परतलेल्यांच्या बिऱ्हाडातून आलेले, सगळे निळे. "गाडीवरचेबी बघाया पायजेत, भागवत्या," म्हणाले, "मीच येड्यावानी फेकून देत व्हतो." पाऊस आला, केंद्र तगलं, कॅनची रांग पुन्हा लागली. आमची मैत्री पहिल्यासारखी झाली म्हणतो. खरं तर पहिल्यापेक्षा घट्ट झाली. पण त्या दुरुस्तीचा विषय काढला की ते उठून हात धुवायला जायचे.

संघाच्या सभागृहात शोकसभा झाली. बाहेरून आलेले एक प्राध्यापक चांगलं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "शिरूरची ती एक नोंद सोडली तर अप्पांचं काम निर्दोष आहे. शेवटी हौशी माणूस, एखादी घाई होते." वाईट हेतू नव्हता त्यांचा. लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठलो नाही. घाई? तीन सवाल विचारल्याशिवाय बाटली न घेणारा माणूस, आणि घाई? घरी येऊन मी भाकरीला हात लावला नाही. स्वतःचा एवढा संताप मला कधी आला नव्हता.

म्हणून हे लिहिलं, आणि छापायला पाठवण्याआधी काल वहिनींना वाचून दाखवायला नेकनूरला गेलो. अप्पांच्या खोलीतच बसलो आम्ही. मी वाचत होतो, त्या खिडकीकडं बघत ऐकत होत्या. मध्ये दोनदा डोळे पुसले, छत्रीच्या ठिकाणी हसल्या. वाचून झाल्यावर मी विचारलं, "वहिनी, पाठवू का?" त्या म्हणाल्या, "त्यांनी तुमचं नाव कदी घेतलं न्हाई. माझ्याजवळबी न्हाई. आज कळतंय मला." मग म्हणाल्या, "पाठवा. पण भावजी, एवढं पानभर लिवलंत, अन् ठिकाण एका जागी नीट लिवलं न्हाई. त्यांनी असलं हातात तरी घेतलं असतं का?"

बरोबर आहे. तर त्यांच्या पद्धतीनं लिहितो :

उडीमार कोळी, नर, एक. मिळाला शिरूर कासार येथे, छावणीसमोर उभ्या असलेल्या ट्रकमधल्या उसाच्या वाढ्यावर, सकाळी. बाभळीवर नव्हे. धरणारा आणि खोटं सांगणारा, भागवत कंडक्टर. लिहून घेणारे मन्मथअप्पा, नेकनूर. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.