टाकीपुढचा नमस्कार

आमच्या शेजारी एक मोटारीचे मिस्त्री राहतात. ते कुठल्याही गोष्टीचा आधी वास घेतात. चहा दिला तरी कपाला नाक लावतात, "व्हय, चहाच हाय" म्हणतात आणि मग पितात.

ते अक्कलकोटच्या सर्व्हिस मोटारीवर आहेत. पेट्रोल किती उरलं ते कळावं म्हणून तिच्या उतारूंच्या पुढ्यातच असलेल्या टाकीत विजेची तार जाते. त्या भोकातून पेट्रोल पाझरायचं आणि उतारूंना ओकाऱ्या व्हायच्या. शेवटी मालकांनी बजावलं, "उद्या वास आला तर तू घरी बस." मिस्त्रींनी मेण लावलं, ते पेट्रोलनं विरघळलं.

संध्याकाळी मी रांजणाची चीर बुजवायला गूळ-चुना लावत होते. ते बघतच राहिले.

"वैनी, जरा मला बी द्या की!"

सकाळी मी त्याच मोटारीनं माहेरी निघाले. भोक पक्कं बुजलं होतं, पण गुळाला मुंग्या लागल्या होत्या. म्हणून मिस्त्रींनी टाकीभोवती हळद टाकली. ती बघून एका म्हातारीनं कुंकू लावलं, दुसरीनं फूल वाहिलं. तेवढ्यात मालक आले आणि वास घ्यायला टाकीपुढं वाकले. ते नमस्कार करतायत असं वाटून मागचे सगळे उतारू वाकले.

मालक उठले आणि मागं बघून गोंधळले. त्यांनीही हळूच हात जोडले.

"वास न्हाय," ते पुटपुटले, "पण ही देवी कुटली?"

"पेट्रोलची," मिस्त्री म्हणाले.

मीसुद्धा वाकले. हसू लपवायला तेवढीच जागा होती.