माशांच्या टाकीतला चोरीचा वेल

माझ्या हॉलमध्ये माशांची टाकी आहे आणि टाकीतून वर निघालेला मनी प्लांट आता पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलाय. घरी येणारा प्रत्येक जण आधी वेलाकडे बघतो. "काय सुंदर वाढलाय हो!" म्हणतो. मी "हो ना" म्हणते आणि चहा टाकायला आत पळते. कारण तो वेल चोरीचा आहे. चोरी मी केली, आळ माझ्याकडे काम करणाऱ्या बाईवर आला, आणि मी तो येऊ दिला. कुणाला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून निदान लिहायला तरी बसलेय.

मी नगरला एका शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याची नोकरी नाशिकला, आमचा संसार शनिवार-रविवारचा. घर खायला उठायचं म्हणून दोन फुटी टाकी आणली आणि त्यात दोन गोल्डफिश सोडले. दिसायला राजस, खायला बकासुर! जितकं खातात तितकी घाण करतात. फिल्टर लावला तरी त्या घाणीचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते पाण्यात साठत जातं. ते दिसत नाही, त्याला वास येत नाही, मासे मात्र मलूल होत जातात. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की कळतं. पिवळं आलं तर ठीक, लाल आलं तर धोका. माझ्या टाकीचं पाणी कुंकवासारखं लाल यायचं.

यावर साधा उपाय म्हणजे पाणी बदलत राहणं. पण आमच्याकडे नळाला पाणी येणार एक दिवसाआड, तेही तासभर. मग बोअरचं वापरायला लागले. एके दिवशी सहज तेच नळीत घेऊन बघितलं तर ते मुळातच नारिंगी! चहूबाजूंनी शेतं, शेतांत युरियाची पोती, ते सगळं झिरपून बोअरमध्ये उतरणार नाही तर कुठं जाईल? म्हणजे मी इतके दिवस घाण धुवायला घाणच ओतत होते. कपाळ माझं! तोवर एक मासा गेला होता. दुसरा तळाशी बसून नुसते कल्ले हलवत होता.

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. मनी प्लांटची मुळं टाकीत सोडायची, मुळं नायट्रेट ओढून घेतात, वेल वाढतो आणि पाणी निवळतं. लगेच नर्सरीतून रोप आणलं. आणि विज्ञान शिकवणाऱ्या या बाईने काय केलं, तर व्हिडिओ अर्धाच बघून पानांसकट अख्खं रोप पाण्यात बुडवलं. पानं कुजली, पाणी आणखी लाल झालं.

शाळेत स्टाफरूममध्ये रडगाणं गायले, तर एक सहशिक्षिका म्हणाली, "अगं, विकतचा मनी प्लांट कधी लागतो का? तो चोरूनच आणायचा असतो. मागून आणला तरी जगत नाही." मी तिला वेड्यात काढलं. दहावीच्या वर्गात अंधश्रद्धेवर तास घेणारी मी! पण घरी येऊन व्हिडिओ उरलेला अर्धा बघावा, हे काही सुचलं नाही. सुचलं काय, तर समोरच्या काकांचा वेल.

काका म्हणजे आमच्याच मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. काकू जाऊन दोन वर्षं झाली. काकूंनी दाराशेजारी, चपलांच्या स्टँडमागच्या कुंडीत लावलेला वेल चौकटीवरून फिरून पार जिन्याच्या जाळीपर्यंत गेला होता. जागोजागी तो त्यांनी जुन्या साडीच्या जांभळ्या काठाच्या चिंध्यांनी बांधला होता. काका रोज सकाळी ओल्या फडक्याने त्याची चौकटीवरची पानं पुसायचे. मागितला असता तर त्यांनी आनंदाने हातभर वेल दिला असता. पण नाही, आम्हाला चोरायचा होता ना!

दुपारी काका झोपतात हे मला ठाऊक होतं. कात्री घेऊन बाहेर आले. खाली कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि मी घाबरून कुंडीजवळच एक काप मारला, हातभर वर दुसरा, आणि मधला तुकडा पदराखाली घेऊन घरात. मुळांचे कोंब फुटलेला मस्त तुकडा होता. त्यावर काकूंची एक जांभळी गाठ तशीच होती. सोडायला गेले तर घट्ट बसलेली. म्हटलं, राहू दे. या खेपेला पानं वर ठेवली आणि फक्त कोंब पाण्यात सोडले.

आणि तो लागला की! आठवडाभरात पांढरी मुळं सुटली. नळीतलं पाणी लालाचं केशरी, केशरीचं पिवळं झालं. मासा वर येऊन दाण्यासाठी तोंड वासायला लागला. मला कोण आनंद!

पण काकांच्या दारावर काय चाललंय, तिकडे माझं लक्षच नव्हतं. मी वेलाचा शेंडा तोडला नव्हता, घाईत बुंध्याशीच तोडला होता. मुळापासून तुटलेला सगळा वेल चिंध्यांच्या आधाराने चार-पाच दिवस हिरवा लटकत राहिला आणि मग एकदम पिवळा पडला. काकांनी कुंडीपाशी वाकून बघितलं तेव्हा त्यांना तो तुटलेला दिसला.

काकांकडे आणि माझ्याकडे एकच बाई काम करायची. तिसगावकडची, साधारण माझ्याच वयाची. जिना आणि पॅसेजही तीच झाडायची. तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातो, तीही दिवाळीनंतर जायची आणि उन्हाळ्यात परतली की पुन्हा आमच्याकडे कामाला यायची. पण या वर्षी पोरगी दहावीला, म्हणून ही इथं राहणार होती. आमच्या बिल्डिंगमधली चार घरं धरली होती तिने. "ताई, चार घरं टिकली की पोरीची साळा टिकली," असं मला किती वेळा म्हणाली असेल.

त्या सकाळी काकांचा आवाज चढला तेव्हा मी चहाचा कप घेऊन दारात आले. काकांच्या हातात वाळलेला वेल होता. "इतकी वर्षं जपलेला! झाडूने ओरबाडलास आणि सांगितलंही नाहीस!"

"आईच्यान काका, म्या न्हाई. म्या तर तितं झाडू बी लांबून मारती."

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. तुम्ही रोज बघता हिचं काम."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी तोडला, काका. तीन शब्द! माझ्या तोंडून काय निघावं? "असेल हो काका, घाईघाईत लागला असेल झाडू. मुद्दाम नसेल केलं तिने."

वर तिची बाजू घेतल्यासारखा आवाज! जीभ कशी झडली नाही माझी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. काकांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. खालच्या दोन घरांतही बोलणं गेलं, महिन्याभरात तीही सुटली. राहिलं फक्त माझं.

मग मी काय केलं, तर नको इतकी गोड वागायला लागले. तिला डबा भरून दे, जुन्या साड्या दे, "बस गं, चहा घे." ती चहा घ्यायची आणि टाकीची काच पुसायला लागायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिच्यावर मला रागच यायचा. ती समोर आली की मला माझीच किळस यायची, आणि तो राग मी फरशीवरच्या डागांवरून तिच्यावर काढायचे.

दिवाळी झाली आणि ती म्हणाली, "ताई, उद्यापासून येणार न्हाई. आमी दोघं बी तोडीला चाललो."

"आणि पोरगी?"

"तिसगावला आजीपाशी, माज्या आयकडं ठिवली. बसंल तितल्या साळंत." मग फडकं पिळत, "बसली तर."

काहीतरी द्यावं म्हणून मी टाकीतल्या वेलाचा हातभर तुकडा कापला, ओल्या कागदात गुंडाळला आणि तिच्यापुढे धरला. "ने गं, आईकडे लाव. लवकर लागतो."

तिने पुडी हातात घेतली. मग टाकीकडे बोट केलं. "ती जांभळी गाठ हाय न्हवं, ती काकूंची. म्या काच पुसताना पयल्याच दिशी वळखली."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलून काय हुतं? त्यांचं घर गेलंच असतं. तुमचं बी गेलं असतं." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "येल नेती मी ताई. पर असा न्हाई. काकांचं दार वाजवा, आन् त्यांच्यासमूर माझ्या हातात द्या. न्हाईतर जिन्यात कुनी बघितलं तर म्हनतील, आता मॅडमचा बी तोडला हिनं."

सकाळचे अकरा वाजले होते. समोर काकांचा टीव्ही मोठ्याने चालू होता, बातम्यांचा शब्द न् शब्द आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

मी म्हणाले, "काका झोपले असतील गं आत्ता."

ती जरा वेळ तो आवाज ऐकत उभी राहिली. "व्हय," म्हणाली. पुडी ओट्यावर ठेवली, हात धुतले, चपला घातल्या आणि गेली.

चार दिवसांनी मी काकांचं दार वाजवलं. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कात्रीपासून बातम्यांपर्यंत. मला वाटलं होतं ओरडतील, निदान दार तरी आपटतील. ते खुर्चीवर बसले आणि रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाले, "हे तिच्यासमोर सांगायचं होतंत, मॅडम." एवढं बोलून उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, पिशवी घेतली. "मी जाऊन येतो. पोरगी आजीकडे आहे म्हणालात ना? आजीला तरी सांगतो, तुमच्या लेकीने काही केलं नव्हतं म्हणून. तिसगावात कुठं राहतात? आजीचं नाव काय?"

मी तिला फोन लावला, तो बंद होता. काका पायात चपला घालून दारात थांबले होते. सहा वर्षं ती माझ्या घरातला कोपरा न् कोपरा पुसत होती. तिच्या आईचं नाव काय, घर कुठल्या गल्लीत, पोरगी कुठल्या शाळेत, यातलं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं.