गव्हाच्या अंदाजातला पिवळा रंग

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात एका धान्य कंपनीत मी काम करतो. उपग्रहाच्या फोटोंवरून निघणाऱ्या आकड्यांवरून ऑस्ट्रेलियात गहू किती पिकेल ते सांगायचं. मी पीक कमी म्हटलं की भाव चढणार म्हणून इथल्या पिठाच्या गिरण्या घाईघाईने गहू घेऊन ठेवतात, भरघोस म्हटलं की थांबतात. म्हणजे मोठी चूक झाली तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसाही, मग गाशा गुंडाळून भारतात परत. मुलगी तिसरीत आहे आमची.

त्या सप्टेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतांच्या हिरवेपणाचा आकडा धाडकन पडला. दुष्काळ, दुसरं काय असणार? शुक्रवारी रिपोर्ट मॅनेजरला पाठवून मी मोकळा झालो. सोमवारी तो गिरण्यांकडे जायचा होता.

रविवारी दुपारी, उगाच मिरवायला, बायकोला फोटो दाखवला.

"हे पिवळंजर्द काय आहे रे?"

"वाळलेला गहू."

"वाळलेलं असं दिसतं? आपलं लॉन जळलं तेव्हा तर मातकट झालं होतं."

"तुला काय कळतं यातलं?" मी खेकसलो. ती चहाचा कप उचलून आत गेली.

मग फोटो मोठा करून नीट बघितला. तो कॅनोला होता, मोहरीच्या जातीचा, ऐन फुलात. फुलांनी शेत झाकलं की हिरवा आकडा पडणारच. तिथले शेतकरी पिकांची फेरपालट करतात आणि कुठल्या शेतात कोणतं पीक याचा नकाशा मी मागच्या वर्षीचा वापरला होता. यंदाचा गहू शेजारच्या शेतांत मस्त हिरवागार उभा होता. तीन वर्षं मी नुसते आलेख बघत होतो, शेत असं कधी बघितलंच नव्हतं.

लगेच मॅनेजरला फोन करून सगळं कबूल केलं. मॅनेजर म्हणाली, रिपोर्ट अजून माझ्याकडेच आहे, आजच्या आज दुरुस्त करून दे. फोन ठेवला आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

डिसेंबरात तिकडे भरभरून पीक आलं, भाव उतरले, मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं. घरी येऊन बायकोला त्या दिवशीच्या खेकसण्याबद्दल सॉरी म्हणालो.

"तू फोनवर बोलत होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा मी गॅरेजमध्ये जाऊन आपल्या बॅगा किती आहेत ते बघून आले होते."